स्तोत्रसंहितेचे पुनर्वाचन : मराठी ख्रिस्ती उपासनेतील विलापाचे स्थान

प्रस्तावना

बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ हा १५० स्तोत्रांचा संग्रह ख्रिस्ती घरात सर्वाधिक परिचित आणि तरीही बहुतांशी न वाचलेला ग्रंथ आहे, असे म्हटल्यास ते वरकरणी विसंगत वाटेल. परंतु त्याच्या प्रत्यक्ष वापराकडे पाहिले की या विधानाचा अर्थ उलगडतो. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र लहानपणीच पाठ होते. प्रवासाला निघताना १२१ वे, आजारपणात ९१ वे, पश्चात्तापाच्या काळात ५१ वे, उपकारस्तुतीच्या प्रसंगी १०० वे किंवा १५० वे स्तोत्र वाचले जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि स्मशानातील शिलालेख यांवरील वचनेही प्रायः याच दहा-बारा स्तोत्रांतून येतात. उरलेल्या सव्वाशेहून अधिक स्तोत्रांना भक्तिजीवनात नेमके कोणते स्थान आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अलीकडे स्तोत्रांकडे नव्या आस्थेने पाहण्याची भाषा अनेक ठिकाणी ऐकू येते. ही आस्था त्याच दहा-बारा स्तोत्रांभोवती फिरणार असेल तर तिला नवी म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात मराठी अनुवाद, मराठी ख्रिस्ती काव्य आणि मराठी भक्तिपरंपरा यांच्या संदर्भात, विशेषतः विलापस्तोत्रांच्या अंगाने, या ग्रंथाचा विचार केला आहे.

नाव आणि आशय

या संग्रहाचे हिब्रू नाव ‘तहिल्लीम’, म्हणजे स्तवने. मराठीतील ‘स्तोत्र’ हा शब्द त्याच्याशी चांगला जुळतो, कारण स्तोत्र म्हटले की आपल्यासमोर देवतेची स्तुतीच उभी राहते. मात्र जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२-१९३२) यांनी स्तोत्रांची प्रकारवार विभागणी केली तेव्हा संख्येने सर्वांत मोठा गट स्तुतीचा नव्हे, तर विलापाचा निघाला. ‘स्तवने’ असे नाव धारण करणाऱ्या ग्रंथात तक्रार, गाऱ्हाणे, भीती, एकाकीपणा आणि संताप यांनी एवढी जागा व्यापावी, ही बाब महत्त्वाची आहे. संहिताकारांनी हा विलाप स्तुतीत विघ्न म्हणून वगळला नाही. त्यांनी त्याला स्तुतीच्याच शीर्षकाखाली बसविले. मराठी वाचकाची अडचण येथूनच सुरू होते. ‘स्तोत्र’ या शब्दाने त्याच्या मनात निर्माण होणारी अपेक्षा आणि पान उघडल्यावर समोर येणारा मजकूर यांत अंतर पडते. मग तो अपेक्षेला जुळणारी स्तोत्रे निवडतो आणि उरलेली ओलांडून पुढे जातो.

निवडीची ही मुभा पूर्वी सर्वांना नव्हती. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार मठवासीयांनी आठवड्याभरात संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणावयाची असे. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळच्या हप्त्यांत विभागलेली होती. या पद्धतीचा गुण असा की, वाचकाची मनःस्थिती काहीही असली तरी त्या दिवसाचे स्तोत्र चुकत नाही. आनंदात असलेल्या माणसालाही विलाप म्हणावा लागतो आणि शोकात असलेल्यालाही स्तुती. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या घडणीत १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा वाटा मोठा आहे. या मिशनच्या परंपरेत असा मासिक क्रम बांधलेला नव्हता; आराधनेतील स्तोत्राची निवड आचार्यांवर सोपविलेली असे. आचार्यही माणूसच असल्यामुळे तो मंडळीला सोसेल तेच निवडणार.

तथापि, क्रम बांधला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ मध्ये आलेल्या कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीत स्तोत्रे चार आठवड्यांत विभागली गेली. परंतु त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्णतः आणि इतर काही स्तोत्रांतील ओळी वगळण्यात आल्या. त्यांतील शापवाणी आजच्या उपासकाला मानसिकदृष्ट्या जड जाईल, हे त्यामागचे कारण होते. या निर्णयाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

अनुवादाचे दोन शब्द

स्तोत्रांच्या मराठी आस्वादात अनुवादाने काय कमावले आणि काय गमावले, हे दोन हिब्रू शब्दांच्या आधारे पाहता येते. पहिला शब्द ‘नेफेश’. इंग्रजी अनुवादांनी दीर्घकाळ त्याला ‘सोल’ म्हटले आणि त्यामुळे देहापासून वेगळ्या अशा अमर तत्त्वाची छाया त्यावर पडली. हिब्रूमध्ये नेफेशचा एक मूळ अर्थ घसा, गळा असा आहे. तहान लागते ती नेफेशला आणि पुराचे पाणी चढते तेही नेफेशपर्यंत. मराठी बायबलने येथे ‘आत्मा’ न वापरता अनेक ठिकाणी ‘जीव’ हा शब्द योजला, ही अनुवादकांची मोठी जमेची बाजू होय. जीव कासावीस होतो, टांगणीला लागतो, मेटाकुटीला येतो, नकोसा होतो. मराठीत जीव नेहमी देहासकट असतो. पाण्यासाठी व्याकुळ झालेल्या हरिणीचे ४२ वे स्तोत्र मराठीत वाचताना घशाची कोरड जाणवते, ती या शब्दामुळे. इंग्रजीवरून स्तोत्रांचे चिंतन करणाऱ्या मराठी प्रवचनकारांनी आपल्याच बायबलातील हा शब्द पुरेसा वापरलेला नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा शब्द ‘हेसेद’. जुन्या करारातील त्याच्या एकूण वापरापैकी जवळजवळ निम्मा वापर एकट्या स्तोत्रसंहितेत आहे. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही ओव्यांच्या ध्रुपदात तो येतो. मराठीत त्यासाठी ‘दया’, ‘वात्सल्य’ असे शब्द आढळतात. दोन्ही शब्द सुंदर आहेत. विशेषतः ‘वात्सल्य’ या शब्दामागे माउली म्हणून देवाला हाक मारणाऱ्या वारकरी परंपरेची ऊब आहे. परंतु हेसेद म्हणजे केवळ वरून झिरपणारी करुणा नव्हे. करारात बांधल्या गेलेल्या दोन पक्षांमधील ती निष्ठा आहे, दिलेला शब्द पाळणे आहे. दया मागणारा याचक असतो, वात्सल्य अपेक्षिणारे लेकरू असते. मात्र हेसेदची आठवण करून देणारा हक्काने बोलतो. ८९ वे स्तोत्र याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या सदतीस ओव्यांत दाविदाशी केलेल्या कराराचे आणि हेसेदचे गौरवगान आहे. अडतिसाव्या ओवीपासून सूर पालटतो आणि देवानेच तो करार मोडल्याचा आरोप सुरू होतो. अखेरीस स्तोत्रकार विचारतो की पूर्वीचे ते हेसेद गेले कुठे? येथे ‘दया’ हा शब्द ठेवला की आरोपाची विनवणी होते आणि स्तोत्राचा कणाच वाकतो. याचा अर्थ अनुवादकांनी चूक केली असा नाही. एकाच मराठी शब्दात निष्ठा आणि माया दोन्ही सामावणे कठीण आहे. परंतु टीपेतून, प्रवचनातून वा बायबलवर्गातून ही बाजू पुढे यायला हवी होती, ती फारशी आलेली नाही.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या कार्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणण्याचे काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे केले आणि मृत्यूपूर्वी थोडाच काळ आधी ते पूर्ण केले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे अशी साधी भाषा हा त्यांचा आग्रह होता आणि छपाईचे कामही मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्या हातून झाले. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या स्त्रियांच्या वस्तीत विलापस्तोत्रांचा अनुवाद झाला, ही वस्तुस्थिती अनुवादाच्या इतिहासात तळटीपेपुरती राहू नये. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) ख्रिस्तेतर मराठी वाचकांपर्यंतही हा ग्रंथ नेला, हेही नोंदविले पाहिजे.

छंद, अभंग आणि टिळक

हिब्रू कवितेची लय यमकावर उभी नसते. एक विधान करायचे, दुसऱ्या चरणात तेच वेगळ्या शब्दांत वळवायचे, उलटवायचे किंवा पुढे ढकलायचे, अशी ती अर्थाची लय आहे. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत रॉबर्ट लोथ यांनी तिचे विवेचन केल्यापासून ती ‘समांतरता’ या नावाने ओळखली जाते. यमक अनुवादात हरवते. समांतरता बव्हंशी टिकते. त्यामुळे गद्य अनुवादातही स्तोत्रातील कविता शिल्लक राहते. उलट ते अभंगात किंवा ओवीत घालू गेल्यास यमकासाठी दुसरा चरण वाकवावा लागतो आणि मूळची वीण उसवते. जेथे ओवी यशस्वी झाली तेथे कवीने अनुवादाचा नव्हे, कथनाचा मार्ग धरला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) हे त्याचे उदाहरण. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलची कथा आख्यानरूपाने सांगतो. स्तोत्राची आर्त, कथाहीन वाणी हा त्याचा प्रांत नव्हता.

मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा गळा दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांनी अभंग, पदे, भजने लिहिली, कीर्तनाला चर्चमध्ये आणले आणि ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्या रचनांनी व्यापला. टिळकांचे हे ऋण इतके मोठे आहे की त्याची दुसरी बाजू पाहणे अवघड जाते. ती बाजू अशी की टिळकांच्या गीतांनी मराठी ख्रिस्ती माणसाची भावनिक गरज एवढी भागविली की स्तोत्रे गाण्याची निकड उरली नाही. टिळकांचा मुख्य सूर प्रेमाचा, ओढीचा, शरणागतीचा आहे. त्यांच्या अनेक अभंगांतील ‘दास’ ही नाममुद्राच पुरेशी बोलकी आहे. दास देवाशी भांडत नाही. तुकारामांकडून टिळकांनी प्रेमाची उत्कटता घेतली. तुकारामांचे भांडण मात्र त्या प्रमाणात घेतले नाही, असे त्यांची गीते एकत्र वाचताना जाणवते. नव्या धर्मात आलेल्या आणि त्यासाठी घरदार, जातगोत दुरावलेल्या कवीला ख्रिस्ताची जवळीक गाण्याची गरज अधिक वाटली असेल तर ते स्वाभाविकच होते. तो दोष टिळकांचा नव्हे. त्यांच्यामागून आलेल्या शतकाने त्यांच्या सुरात जे नव्हते ते दुसरीकडून भरून काढले नाही, हा खरा आक्षेप आहे.

नाममुद्रेच्या निमित्ताने आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. अभंगाच्या अखेरीस संत आपले नाव घेतात आणि तो अनुभव त्यांच्या नावावर जमा होतो. गाणारा त्यात सहभागी होतो, पण तो तुकारामांच्या वा जनाबाईंच्या अनुभवाचा सहभागी असतो. स्तोत्रांना शीर्षके आहेत; त्यांपैकी ७३ दाविदाच्या नावे आहेत; परंतु कवितेच्या देहात स्वाक्षरी नाही. तेथे केवळ ‘मी’ आहे आणि तो कोणालाही घेता येतो. चौथ्या शतकात अथेनेशियस यांनी मार्सेलिनस याला लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले होते. इतर ग्रंथांतील शब्द वाचक दुसऱ्याचे म्हणून वाचतो, स्तोत्रांतील शब्द मात्र त्याला आपलेच वाटतात. दीट्रिख बोनहोफर यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते स्तोत्र म्हणताना माणूस स्वतःची भावना व्यक्त करीत असतोच असे नाही. तो ख्रिस्ताबरोबर आणि अवघ्या मंडळीसाठी बोलत असतो. ‘आज माझ्या मनात असे काही नाही, मग हे विलापस्तोत्र मी का म्हणावे?’ या नेहमीच्या शंकेला हे समर्पक उत्तर आहे.

देवाशी भांडण : साम्य आणि भेद

मराठी वाचकाला विलापस्तोत्रे परकी वाटण्याचे काही कारण नाही. १६३० च्या दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकारामांनी विठ्ठलाला जाब विचारला आहे. जनाबाईंनी त्याला शिव्याही घातल्या आहेत. नामदेवांचा रुसवा तर परिचितच आहे. देवाला खडसावण्याचा हक्क प्रेमातून येतो, हे ज्या भाषेला ठाऊक आहे त्या भाषेत ‘किती काळ’ असे चार वेळा विचारणारे तेरावे स्तोत्र सहज रुजायला हवे. मात्र दोन परंपरांतील साम्य दाखविण्याच्या उत्साहात भेद पुसला जाण्याचा धोका असतो आणि तौलनिक अभ्यासाच्या नावाखाली हे वारंवार घडते.

४४ वे स्तोत्र घ्यावे. युद्धात पराभूत झालेला समुदाय येथे बोलतो आहे. आम्ही तुला विसरलो नाही, कराराशी खोटे वागलो नाही, तरी आमची ही अवस्था का, असा त्याचा प्रश्न आहे. मग तो देवाला उठवतो, झोपला आहेस का, असे विचारतो. देवाला जागे करणे मराठी मनाला नवे नाही. काकड आरती आणि भूपाळी त्यासाठीच आहेत. परंतु भूपाळीतील जागविणे लाडाचे असते. देव रात्री निजला आणि पहाटे उठणार, हे तेथे गृहीत आहे. ४४ व्या स्तोत्रातील निद्रा हा आरोप आहे. शिवाय याच संहितेतील १२१ वे स्तोत्र देव झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असे सांगते. संहिताकारांनी दोन्ही स्तोत्रे ठेवली आणि त्यांचा मेळ घालून दिला नाही. ख्रिस्ती घरात १२१ वे पाठ असते, ४४ वे माहीत नसते. म्हणजे या संभाषणातील एकच बाजू आपल्यापर्यंत पोहोचते. ४४ व्या स्तोत्राचा शेवट हेसेद या शब्दावर होतो, हेही येथे लक्षात घ्यावे. भांडण संपते ते दयेच्या याचनेवर नव्हे, तर दिलेल्या शब्दाच्या आठवणीवर.

दुसरा भेद समुदायाचा आहे. संतांचे भांडण बहुधा एकट्या भक्ताचे असते. स्तोत्रांत मात्र राजाचा पराभव, नगराचा विध्वंस, हद्दपारी हे सार्वजनिक दुःख प्रार्थनेत येते. कोकणातील बेने इस्राएल समाजाने १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचा साचा घेऊन बायबलमधील आख्याने गायला सुरुवात केली, तेव्हा हा सामुदायिक स्मृतीचा धागा मराठीत आला होता. स्तोत्रे मुळात ज्यांची, त्या समाजाच्या या मराठी प्रयोगाकडे मराठी ख्रिस्ती अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

एक्क्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी

२०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत ९१ वे स्तोत्र घरोघरी म्हटले गेले. मरीपासून रक्षणाचे आश्वासन देणारे ते स्तोत्र अशा वेळी ओठांवर यावे, हे समजण्याजोगे आहे. पण ज्या घरात ते म्हटले जात होते त्याच घरातून मृतदेह गेला, तेव्हा मागे राहिलेल्यांनी कोणते स्तोत्र म्हणावे? विश्वास कमी पडला असा निष्कर्ष काही जणांनी स्वतःवर लादून घेतला. शुभवर्तमानात सैतान ख्रिस्ताला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो तेव्हा तो याच ९१ व्या स्तोत्रातील वचनाचा आधार घेतो, ही गोष्ट प्रवचनांतून क्वचितच ठळकपणे सांगितली जाते. हमी म्हणून वापरलेले स्तोत्र भुरळही घालू शकते, हे शुभवर्तमानकारांना माहीत होते.

अशा घरासाठी संहितेत ८८ वे स्तोत्र आहे. विलापस्तोत्रे बहुधा अखेरीस स्तुतीकडे वळतात. ख्रिस्ताने वधस्तंभावर ज्याच्या आरंभीचे शब्द उच्चारले ते २२ वे स्तोत्रही अर्ध्यानंतर तसे वळते. ८८ वे वळत नाही. मित्र दुरावले आहेत, देवाचा क्रोध अंगावरून लाटांसारखा गेला आहे, कबरेत तुझे हेसेद कोण सांगणार असा प्रश्न आहे आणि हिब्रूतील शेवटचा शब्द काळोख हा आहे. वॉल्टर ब्रुगमान यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात स्तोत्रांची मांडणी स्थिरतेची, विस्कटलेपणाची आणि नव्या स्थिरतेची अशी केली. ती उपयुक्त आहेच; परंतु तिचा ठरावीक वापर झाला की प्रत्येक विलापाला तिसऱ्या पायरीवर चढविण्याची घाई होते. ८८ वे स्तोत्र त्या जिन्यावर चढत नाही. ब्रुगमान यांनाही याची जाण होती; १९८६ च्या एका निबंधात त्यांनी विलाप गमावल्याची किंमत किती मोठी असते ते मांडले आहे. विलाप बंद झाला की देवासमोर केवळ होकार देणारी माणसे उरतात आणि न्यायाचा प्रश्नच विचारला जात नाही, हा त्यांचा मुद्दा आहे.

वगळलेली स्तोत्रे

न्यायाच्या या मुद्द्यावरून १९७१ मध्ये वगळलेल्या स्तोत्रांकडे परत येता येते. त्यांतील ५८ वे स्तोत्र शाप देते हे खरे. परंतु ते सुरू होते सत्ताधाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नाने, की तुम्ही खरोखर न्यायाने निवाडा करता काय? अन्यायी निवाड्यावरचे स्तोत्र संतापाच्या कारणावरून वगळले जावे, यातील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. सी. एस. लुईस यांना १९५८ च्या आपल्या पुस्तकात या शापवाणीने अस्वस्थ केले होते. तो द्वेष त्यांनी समर्थनीय मानला नाही. पण अन्याय करणारा माणूस दुसऱ्याच्या मनात काय पेरतो, ते येथे दिसते असे त्यांनी सुचविले. ही मांडणी प्रामाणिक आहे. मात्र ती अन्याय पाहणाऱ्याच्या जागेवरून केलेली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती ही स्तोत्रे काय करतात?

महाराष्ट्रात हा प्रश्न अमूर्त नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. दलित ईश्वरविद्येचे एक आद्य प्रवर्तक अरविंद निर्मळ (१९३६-१९९५) यांनी आपली मांडणी अनुवादाच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायातल्या, भटक्या पूर्वजाची आठवण सांगणाऱ्या श्रद्धावचनावर उभी केली. ती स्मृतीची मांडणी होती. गाऱ्हाण्याची भाषा मात्र स्तोत्रसंहितेत आहे. गरिबावर दबा धरून बसणाऱ्याचे दहावे स्तोत्र, दुर्जनांना किती काळ मोकळीक, असे विचारणारे ९४ वे आणि वगळले गेलेले ५८ वे यांचे दलित ख्रिस्ती अनुभवाच्या संदर्भातील वाचन हे मराठी अभ्यासकांसमोरचे काम आहे. या स्तोत्रांत सूड मागितला जातो, पण तो देवाकडे. शस्त्र उपासकाच्या हाती दिले जात नाही. बाबेलच्या नद्यांकाठचे १३७ वे स्तोत्र मात्र या युक्तिवादालाही पुरते बधत नाही. शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दलची त्याची अखेरची ओवी कोणत्याही स्पष्टीकरणाने सौम्य होत नाही आणि ती सौम्य करून दाखविणारी भाष्ये टाळलेली बरी. नगर उद्ध्वस्त झालेले लोक काय बोलू शकतात याची ती नोंद आहे. मंडळीत ती वाचायची झाल्यास ते लोक कोण होते हे आधी सांगितले पाहिजे.

कॅथलिक विधीने तीन स्तोत्रे वगळली, पण ८८ वे वगळले नाही. चार आठवड्यांच्या त्या क्रमात दर शुक्रवारी, निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ते नेमलेले आहे. कोणतेही स्पष्टीकरण न जोडता ते म्हटले जाते, काळोख हा शब्द येतो, नेहमीची त्रैक्यस्तुती होते आणि दिवे मालवले जातात.